ओलं आणि जड ते मागच्या दारी

फोंडा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देतो. सासरचं जुनं चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर, मधोमध राजांगण, म्हणजे उघडा चौक, भोवती वसरी, म्हणजे ओसरी, पुढे सोपा, मागे स्वयंपाकघर, न्हाणी बाहेर, मागच्या भाटात, म्हणजे परसबागेत, विहीर. घर पोर्तुगीजकालीन, दोनशे वर्षांचं, असं सासरे सांगायचे. ते आता नाहीत, सासूबाई एकट्याच राहतात. ताई, यजमान आणि शाळेत जाणारी दोन मुलं फोंड्याला फ्लॅटमध्ये. यजमान वेर्ण्याला नोकरीला, ताई घरून काम करतात. आता गावी जाऊन राहायचं ठरलं आहे. पण छप्पर गळतं. वीस वर्षांमागे चुलत सासऱ्यांनी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तो कमरेपर्यंत फुगून पडतो आहे. कंत्राटदार म्हणतो, छप्पर उतरवून भिंतींवर स्लॅब टाकू, राजांगणावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे घालून मोठा हॉल करू, दोन खोल्यांना संडास-बाथरूम जोडून देऊ, आणि जुनं लाकूड नि मलबा आम्हीच फुकट उचलून नेऊ. सासूबाई म्हणतात, मी आहे तोवर घराला हात लावू नका. मूळ गणपती याच घरात, चवथीला मुंबई-पुण्याचे दीर-जावा सगळे इथेच उतरतात. 'काय करावं?' असं ताई विचारतात.

ताई,

स्लॅबबद्दल नंतर बोलू. आधी त्या फुकट उचलून न्यायच्या लाकडाबद्दल.

राजांगणाभोवतीचे खांब, सोप्यावरच्या तुळया, देवघराची चौकट हे सगळं फणसाचं नाहीतर सागाचं जून लाकूड असणार. असं लाकूड आज वखारीत मागून मिळत नाही, आणि जुन्या लाकडाचा धंदा करणारे त्याचे चांगले पैसे मोजतात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या दारात कोरीव खांब उभे दिसतात ना, ते कुणाच्या तरी वसरीतूनच आलेले असतात. मलबा उचलायचे कंत्राटदार एरवी पैसे घेतो. जो घेत नाही, त्याने त्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो. पुढे काहीही ठरो, करारात एक ओळ घालाच: घरातून निघणारं प्रत्येक लाकूड, कौल, चिरा आणि दाराची बिजागरीसुद्धा घरमालकाची. कामाला हात लागायच्या आधी प्रत्येक खांबाचा, दाराचा, खिडकीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

घराचं वय दोनशे असेलही. पण पोर्तुगीज इथे १५१० पासून १९६१ पर्यंत होते, आणि तुमचा अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग, त्यांच्या हाती गेला तो १७६३ च्या सुमारास, नव्या काबिजादीत, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखात. तेव्हा 'पोर्तुगीजकालीन' म्हटल्याने फारसं काही हाती लागत नाही. मला वय हवं ते वेगळ्या कारणासाठी. मंगळुरी कौलं बासेल मिशनने मंगळूरला काढायला सुरुवात केली १८६५ मध्ये. घर त्याच्या आधीचं असेल तर त्यावर मुळात हाताने थापलेले नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं होती आणि मंगळुरी मागाहून चढली. त्या वेळी वासे बदलले की जुनेच ठेवून वरून नव्या रिपा ठोकल्या, हे माळ्यावर चढून बघायला हवं. अशी ठिगळं लावलेली छपरं गळतात ती बहुधा ठिगळाच्या जागीच.

आता माझं म्हणणं. जुनं घर कोरडं आणि हलकं राहू द्या. जे ओलं आणि जे जड, ते सगळं मागच्या दारी नव्या बांधकामात न्या. संडास, न्हाणी, कपडे धुण्याचं यंत्र, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि हवाच असेल तर स्लॅबसुद्धा. तुमच्या यादीतलं जवळजवळ सगळं यात बसतं. सासूबाईंच्या घराला लागतो तो हात दुरुस्तीचा, मोडतोडीचा नव्हे.

स्लॅब का नको ते आकड्यांत सांगतो, कारण कंत्राटदाराशी बोलताना 'जुन्या घराचं सौंदर्य' वगैरे चालत नाही. रिपांसकट मंगळुरी कौलांचं वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास भरतं. पाच इंची स्लॅबचं भरतं ३०० किलोच्या वर. वीस चौरस मीटरच्या खोलीवर म्हणजे सहा टन. तुमच्या भिंती जाड आहेत हे खरं, पण त्यांचे चिरे बहुधा मातीत बसवलेले आहेत, आणि भिंतीच्या माथ्याला वाशांची टोकं शिरलेल्या ठिकाणी भोकंच भोकं आहेत. त्यातून तळाशी ओल. ओल लागलेला चिरा कोरड्या चिऱ्यापेक्षा नरम असतो. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने तासता येतो आणि वाऱ्या-उन्हात पडला की घट्ट होतो, हे तर गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा भिंतीवर सहा टन ठेवायचे, वर तो स्लॅब उन्हाने रोज थोडा फुगणार, रात्री आक्रसणार आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलत राहणार. दोन-तीन पावसाळ्यांनी कोपऱ्यांत उभ्या भेगा दिसतील. मग तोच कंत्राटदार येऊन भिंत पाडून सिमेंटचे खांब घालूया म्हणेल. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथे तर वासे आधीच उतरवलेले.

आता ओल. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलं आहे की गिलावा वाईट माल वापरल्यामुळे पडला. माल चांगला असता तरी तो पडलाच असता, कदाचित थोडा उशिरा. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी शोषून वर घेतो. पूर्वी वरून चुन्याचा गिलावा होता आणि चुन्याचा हात. त्यातून हे पाणी भिंतीबाहेर उडून जायचं, त्यामुळे ओल वीतभर चढून तिथेच थांबायची. सिमेंटने ती वाट बंद केली. पाण्याला बाहेर पडता येईना म्हणून ते वर चढलं, गुडघ्यावरून कमरेला आलं, आणि जिथे जमेल तिथे सुकताना मागे क्षार सोडत गेलं. त्या क्षारांचे खडे गिलाव्याच्या पाठीमागे वाढतात आणि त्याला ढकलून पाडतात. पडलेल्या पोपड्याची आतली बाजू बघा, पांढरी भुकटी दिसेल. तोच लोणा.

त्यावर आता बाजारात वॉटरप्रूफ रंग मिळतो. तो लावायला सांगणारे पुष्कळ भेटतील. लावू नका. कमरेपर्यंतची ओल खांद्यापर्यंत जाईल.

करायचं ते असं. आधी बाहेर जा आणि घराचं जोतं किती उघडं आहे ते बघा. वर्षानुवर्षं अंगणात माती पडते, कुणी पेव्हर घालतो, कुणी फुलझाडांसाठी भर घालतो, आणि बाहेरची जमीन हळूहळू जोत्याच्या वर येते. मग भिंत जमिनीत पुरल्यासारखीच होते. ही भर काढून जमीन जोत्याखाली नेली की अर्धी ओल उतरते. हे काम फावड्याचं आहे, त्याला वास्तुविशारद लागत नाही. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, वळचणीखालून ते पुढे कुठे जातं ते बघा. पागोळ्या पडतात तिथे चिऱ्याची चर करून तिला घरापासून दूर उतार द्या.

मग सिमेंट काढा. छिन्नी-हातोडीने, हळू. ब्रेकर लावला तर गिलाव्याबरोबर चिऱ्याचा चेहराही निघून येईल. काढल्यावर भिंत उघडीच ठेवा. नोव्हेंबर ते मार्च असे कोरडे महिने तिला मिळाले पाहिजेत. घर भकास दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू द्या. अधूनमधून खराट्याने क्षार झाडा आणि झाडलेलं बाहेर नेऊन टाका. भिंतीच्या पायथ्याशी पडू दिलंत तर ते परत चढतील. भिंत सुकली की मातीच्या सांध्यांच्या फटी चुन्याने भरून घ्या आणि वर चुन्याचाच गिलावा, पातळ थरांनी, आधीचा थर धरल्यावर पुढचा. कळीचा चुना भिजवून मुरवायला निदान दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, जास्त दिले तर आणखी बरं. तो भिजताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून मुलांना त्या खड्ड्याच्या आसपास फिरकू देऊ नका. हा व्याप नको असेल तर गोणीतून तयार हायड्रॉलिक चुना मिळतो, महाग पडतो पण चालतो. गवंड्याने मात्र 'थोडं सिमेंट घालतो, लवकर धरतं' म्हटलं की त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. चुन्याचं काम येणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, तेव्हा एखाद्याने केलेलं, एक तरी पावसाळा काढलेलं काम प्रत्यक्ष बघून मगच माणूस ठरवा.

छपराचं काम तुलनेने सोपं. शाकारणी, म्हणजे कौलं उचलून साफ करून परत लावणं, दरवर्षी व्हायची ती थांबली की छपरं बिघडतात, एवढीच बहुतेक घरांची कहाणी आहे. कौलं उतरवून प्रत्येकावर बोटाच्या सांध्याने टकटक करा. खणखणीत वाजलं तर धुऊन परत वापरा, बद्द वाजलं तर बाजूला ठेवा. वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे पटाशी खुपसून बघा, लाकूड कुजतं ते तिथेच आणि वाळवी शिरते तीही तिथूनच. टोक गेलं म्हणून अख्खा वासा फेकायचा नसतो. चांगला सुतार कुजलेला भाग कापून नव्या लाकडाचा सांधा देतो. पूर्वी चुलीचा धूर सतत वर जायचा, लाकूड सुकं राहायचं, किडीलाही तो सोसायचा नाही. गॅस आल्यापासून तो पहारेकरी गेला, तेव्हा सगळं छप्पर उघडं असतानाच लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजून घ्या. माकडं कौलं फोडतात म्हणून हल्ली लोक कौलांखाली पत्रा घालतात. मला तो आवडत नाही, पण ज्यांच्या छपरावर वानरांची टोळी रोज नाचते त्यांना मी नको म्हणून सांगू शकत नाही. घालायचाच तर पत्रा आणि कौल यांत हवा खेळेल एवढी फट ठेवा. खोलीतून वर बघताना पत्रा दिसू नये म्हणून खाली सपाट सीलिंग कौलं लावतात, ती चांगली दिसतात, उन्हाळ्यात उष्माही थोडा अडवतात.

राजांगण झाकायचं नाही. यावर मी हट्टी आहे. अंत्रुजातली जुनी हिंदू घरं रस्त्याकडे पाठ केल्यासारखी असतात. बाहेरच्या भिंतीत खिडक्या थोड्या नि लहान, सगळा उजेड नि वारा घ्यायचा तो मधून. तापलेली हवा राजांगणातून वर निघून जाते म्हणून भोवतालच्या खोल्यांत वारा ओढला जातो. त्यावर पॉलिकार्बोनेट घातलं की एप्रिल-मे मध्ये खाली उभं राहवणार नाही, पावसाळ्यात बुरशी येईल आणि दिवसा दिवे लावावे लागतील. हॉल मिळेल, पण त्यात बसायला एसी लागेल, आणि कौलारू घरात एसी म्हणजे कौलांच्या फटींतून पैसे बाहेर सोडणं.

पण तुमची मूळ तक्रार हॉलची नाहीच, पावसात राजांगण तुंबतं आणि वसरीत पाणी येतं ही आहे. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही ती ओघात लिहून गेलात. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राजांगण आणि त्यात उतरणारी छपरं धरून ८० चौरस मीटर जागा असेल तर वर्षाकाठी जवळपास २,४०,००० लिटर पाणी त्या चौकात येतं, तेही बहुतेक चार महिन्यांत. हे सगळं पाणी एका मोरीतून घराच्या पोटाखालून बाहेर जातं. ती मोरी कुणी कधी साफ केली, हे सासूबाईंना विचारा. माती आणि मुळ्या यांनी ती अर्धी भरलेली असणार. बाहेरच्या तोंडापासून वेळूची काठी घालून आत कुठवर जाते ते बघता येतं. साफ करून, चिरे हलले असतील ते बसवून, बाहेरच्या तोंडाला जाळी लावली की तुमचा अर्धा 'हॉलचा' प्रश्न सुटेल. राहिला झोडपणारा पाऊस. त्याला वसरीच्या कडेने गुंडाळून वर घेता येतील असे पडदे लावा, दसरा झाला की काढून ठेवा. या पाण्यातलं काही गाळून विहिरीकडे वळवता आलं तर मार्च-एप्रिलात तुम्हीच आठवण काढाल.

आता कागद. बांधकामाला हात घालण्याआधीच हे करायचं, नाहीतर पैसे जातात आणि नातीही. चुलत सासऱ्यांनी आपल्या खर्चाने गिलावा केला म्हणजे घरात त्यांचाही हिस्सा असणार. सासऱ्यांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारस आणि मालमत्ता नोंदवून वाटणी करण्याची कोर्टातली प्रक्रिया, झाली आहे का? झाली नसेल तर घर अजून सगळ्यांचं सामाईक आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, वारसाने आलेलीसुद्धा. म्हणजे सासऱ्यांच्या हिश्श्यातला निम्मा मुळातच सासूबाईंचा आहे. तेव्हा 'हात लावू नका' म्हणण्याचा त्यांना नुसता वडीलकीचा मान नाही, कायद्याने हक्क आहे. आणि संमतीपत्रावर दिरांच्या सह्या घ्याल तेव्हा जावांच्याही घ्या. मुंबई-पुण्याच्या वकिलांना हे पुष्कळदा ठाऊक नसतं, गोव्यातलाच वकील गाठा. वारसा आणि इन्व्हेंटरी यांचा २०१२ चा गोव्याचा कायदा २०१६ पासून अमलात आहे, त्याखालीच हे सगळं चालतं. वाटणी न करता खर्च केलात आणि उद्या कुणी इन्व्हेंटरी मागितली, तर घराची बोली वारसांमध्ये लागते, आणि तुमच्याच पैशाने दुरुस्त झालेल्या घरासाठी तुम्हाला चढी बोली लावावी लागते. आधी वाटणी झाली तर उत्तम. नाही झाली तर कोण किती खर्च करतो आणि पुढे तो कसा धरायचा, एवढं तरी नोटरीसमोर लिहून घ्या. चवथीला सगळे एकत्र येतात तेव्हा हा विषय काढावा असं वाटेल. काढू नका. आरत्या चालू असताना वाटणी निघाली की पुढची चवथ ओकीबोकी जाते.

मागच्या भाटात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, घर किंवा त्याची वाट असेल तर नकाशावर ती आधी दाखवा. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि नवी खोली त्याच्या वाटेवर आली तर तुम्ही वर्षानुवर्षं मामलेदाराच्या कचेरीत दिसाल. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, आणि सर्व्हेचा नकाशा काढून घर त्यात कसं दाखवलं आहे ते बघा. मागची जागा प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये, किंवा तुमच्या भागाला दुसरा आराखडा लागू असेल तर त्यात, वस्ती क्षेत्रात येते का तेही. दुरुस्तीला पंचायतीचा परवाना, वाढीव बांधकामाला नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि मग पंचायतीचा बांधकाम परवाना. पणजीतल्या फोंताइन्यशसारखी संवर्धन क्षेत्राची बंधनं तुमच्या गावाला नाहीत. त्यामुळे काम सोपं होतं. पण तुम्हाला अडवणारंही कुणी नाही, हे लक्षात असू द्या.

नवं बांधकाम जुन्याला चिकटवू नका. नव्या पायाचा चर जुन्या भिंतीच्या मुळाशी आणि तिच्यापेक्षा खोल गेला की जुनी भिंत कलते. जुना पाया उथळ असतो, चिऱ्याचे तुकडे दाबून केलेला. दोन मीटर तरी सोडा आणि मधल्या जागेवर एक बुटकी पडवी घाला, जुन्या छपराची वळचण तिच्यावर येईल अशी. म्हणजे जुनं छप्पर तोडावं लागत नाही आणि दोन छपरांच्या बेचक्यात पन्हळ बसवावी लागत नाही. गोव्यात वाढवलेली घरं जिथे गळतात तिथे अशी पन्हळ असते, पानांनी भरलेली. नव्या भागाची जमीन जुन्या वसरीच्या पातळीत ठेवा. मधे पायरी नको. यातली एकही गोष्ट कंत्राटदार आपण होऊन करणार नाही, कारण जुन्या भिंतीला चिकटवून त्याची एक भिंत वाचते.

या पडवीपलीकडे स्वयंपाकघर, दोन न्हाण्या-संडास आणि एक खोली. जुन्या खोलीतच बाथरूम जोडून द्या, असा मुलांचा हट्ट असेल. पण फ्लॅटमध्ये भिंतीतून पाणी गळलं तर खालच्या मजल्यावरचा माणूस बोंब मारतो म्हणून लगेच कळतं. चिऱ्याच्या भिंतीत गळलेलं पाणी ती गुपचूप पिते, आणि कळतं तेव्हा तिच्यातली माती वाहून गेलेली असते. सासूबाईंना रात्री उठून पावसात अंगण ओलांडावं लागतं, ते मात्र या दिवाळीच्या आत थांबवायला हवं. त्यांची खोली मागच्या वसरीकडे आणता आली तर नव्या न्हाणीचं दार आठ-दहा पावलांवर येईल. त्या वाटेवर उंबरा ठेवू नका, दार तीन फूट रुंद ठेवा, कमोडशेजारी भिंतीत धरायला पक्का दांडा, फरशी खरखरीत, आणि रात्रभर जळणारा एक छोटा दिवा. बांधकाम पुरं होईस्तोवर मागच्या वसरीच्या टोकाशी, भिंतीपासून सुटा, पत्र्याचा तात्पुरता संडास उभा करा. दिसायला वाईट दिसेल. दिसू दे.

सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर, जमल्यास वीस, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. चिऱ्याच्या खडकात भेगा असतात, त्यांतून मैलापाणी आपल्याला वाटतं त्याहून लांब जातं. शेजाऱ्यांची विहीरही याच हिशेबात धरा.

वायरिंगसाठी जुन्या भिंती खणू देऊ नका, नळ्या भिंतीवरून उघड्या न्या. काळ्या-पांढऱ्या गोल स्विचचं जुनं लाकडी पट्ट्यांचं काम दिसतं तसंच, पण आत नवी तार आणि मेनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच. तुमच्या कामाच्या खोलीत वायफाय पोचणार नाही, दीड-दोन फुटी भिंतीतून ते मरतं, तेव्हा माळ्यावरून केबल टाकून घ्या. उजेडासाठी दोन-चार काचेची कौलं पुरतात. बारा लावलीत तर मे महिन्यात खोलीत टोपी घालून बसावं लागेल.

आणि माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट. गणपती बसतो त्या खोलीत तुळईला तिच्या कड्या असतील. माटोळीला नारळांचे घड, सुपारीचे घोस, तोरिंजन, काकड्या, भोपळा टांगला की त्या चौकटीचं वजन किती होतं हे दरवर्षी उचलणाऱ्या पुरुषांना विचारा. त्या खोलीत जिप्समचं खोटं छत सुचवलं जाईल, तिथे ते नकोच. छप्पर उघडं असताना त्या तुळईची तपासणी आधी करा, बदलावी लागली तर त्याच मापाची घाला आणि कड्या जुन्याच, त्याच अंतरावर बसवून घ्या, म्हणजे चौकट नवी करावी लागणार नाही. याच खोलीची जमीन शेणाने सारवलेली असेल तर व्हिट्रिफाइड टाइल घालायची घाई नको. टाइलखाली अडलेली ओल भिंतींकडेच वळते. तांबडी ऑक्साइडची जमीनही चालणार नाही, तिच्या पोटात सिमेंटच असतं. चुन्याच्या कोब्यावर मातीच्या फरश्या मात्र चालतील.

क्रम असा धरा. दसऱ्यानंतर मोरी आणि बाहेरची माती. त्याला परवाना लागत नाही, फारसा खर्च नाही, आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोर घराचं काही बिघडताना दिसत नाही. कुठे कुठलं पाणी यायचं, कुठली भिंत कधी बांधली, हे त्यांनाच विचारत विचारत करा, त्यांच्याइतकं त्या घराबद्दल कुणालाच माहीत नाही. त्याच वेळी वकील आणि नकाशे. नोव्हेंबरात सिमेंट उतरवा. कागद झाले तर डिसेंबर-जानेवारीत मागचा पाया. छप्पर मार्चमध्ये उघडा, एका वेळी एकच बाजू, आणि मेच्या मध्यापर्यंत सगळी कौलं परत चढलेली हवीत. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण मेच्या शेवटीही एखादी सर झोडपून जाते. चुन्याचा गिलावा एका मोसमात झाला नाही तर पुढच्या वर्षावर ढकला. नवीन भागासाठी चिरे घेणार असाल तर आत्ताच मागवून भाटात रचून ठेवा, पिवळ्या मातीचे डोळे असलेले ट्रकवरूनच परत पाठवा.